कुलपाची किंमत

विजेवर चालणारी देशातली पहिली प्रवासी गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून कुर्ल्याकडे निघाली. २०२५ मध्ये त्या घटनेची शताब्दी झाली. पण पुढे मुख्य मार्ग विजेवर आला तेव्हा ती वीज आली कुठून, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. जीआयपी रेल्वेने त्यासाठी स्वतःचे कोळशावरचे वीजघर बांधले. जागा निवडली कल्याणच्या अलीकडची, ठाकुर्लीतल्या चोळे गावाजवळची. शेजारी उल्हास नदी, दारात रेल्वेचे रूळ. रेल्वेच्या दप्तरात ते चोळा पॉवर हाऊस, आणि ठाकुर्लीकरांसाठी नुसते ‘पॉवर हाऊस’. १९२९ च्या नोव्हेंबरात कल्याण ते पुणे मार्गावर विजेची इंजिने धावू लागली. ३७ फुटांमागे एक फूट चढणारा बोरघाट ती ओढू लागली, आणि पुढच्याच वर्षी १ जूनला दख्खनची राणी सुरू झाली. त्या जमान्यातले ‘सर रॉजर लम्ले’ हे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. इंजिन जपले याचा आनंदच आहे. पण ज्या घरातून त्या पिढीच्या इंजिनांना वीज गेली, त्या घराची अशी कदर झाली नाही.

हे वीजघर १९८० च्या दशकात बंद पडले. तेव्हापासून आजवर, म्हणजे जवळपास चार दशके, ही जागा कशाची तरी वाट पाहते आहे. मधल्या काळात तिथे नवा, मोठा, वायूवर चालणारा वीजप्रकल्प येणार असल्याची चर्चा झाली. २०११-१२ च्या रेल्वे अर्थसंकल्पात तर ठाकुर्लीच्या ७०० मेगावॉट प्रकल्पाचा स्पष्ट उल्लेख होता. तो प्रकल्प उभा राहिला नाही. मला या प्रकल्पाच्या बाजूने किंवा विरोधात बोलायचे नाही. मला बोलायचे आहे ते वाट पाहण्याबद्दल. रिकाम्या वास्तूंविषयी आपण चर्चा करतो तेव्हा प्रश्न असा मांडतो की पाडायचे की जपायचे. आणि हा प्रश्न आपण पाडकामाची निविदा निघाली की मांडतो. माझे म्हणणे असे की वास्तूचे भवितव्य तोवर ठरून गेलेले असते. ते ठरते ज्या दिवशी तिला कुलूप लागते त्या दिवशी, आणि त्यानंतरच्या पहिल्या पाच-सात पावसाळ्यांत. मोठ्या योजनेची वाट पाहत वास्तू बंद ठेवणे हा तटस्थ निर्णय नसतो. तो सावकाश केलेला पाडकामाचाच निर्णय असतो, फक्त त्यावर कोणाची सही नसते.

कुलपाआड काय घडते ते जवळून पाहिले तर यात अतिशयोक्ती वाटणार नाही. कौलारू घर असेल तर पहिल्या वर्षी एखादे कौल सरकते. माणूस राहत असता तर त्याने पावसाआधी शिडी लावून ते बसवले असते. पाच मिनिटांचे काम. घर बंद आहे म्हणून ते राहते. पाणी आत येते, खालची रीप कुजते, मग वाशाचे टोक कुजते, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी छपराला पोक येते. पन्हाळीत पाला साचतो, पाणी भिंतीवर उलटते. पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी भिंतीच्या माथ्यावर पडते. कोकणपट्टीतल्या पावसात त्याला रुजायला कोणाची परवानगी लागत नाही. दोन पानांचे रोप असते तेव्हा ते चिमटीत धरून उपटता येते. पाच वर्षांनी त्याची मुळे दर्जातला चुना पोखरत खाली उतरलेली असतात आणि ते काढायचे तर भिंत उतरवावी लागते. लोखंडी सांगाड्याच्या कारखान्याची कथा वेगळी, पण क्रम तोच. आधी तांब्याच्या तारा जातात, मग पितळी झडपा, मग खिडक्यांचे गज, मग छपराचे पत्रे. पत्रे गेले की पाऊस थेट तुळयांवर. यातल्या एकाही टप्प्याला वारशाचे नियम लागू पडत नाहीत, कारण कोणी काही पाडलेलेच नसते. मग एके दिवशी अभियंता येतो, पाहतो, आणि अगदी प्रामाणिकपणे लिहितो की ही वास्तू धोकादायक आहे, ती उतरवावी. त्याचे काही चुकलेले नसते.

जगातली दोन वीजघरे या बाबतीत शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. दोन्ही लंडनमधली, दोन्ही थेम्सच्या काठावरची, दोन्हींवर जाईल्स गिल्बर्ट स्कॉट या वास्तुविशारदाचा हात फिरलेला, आणि दोन्ही दोन वर्षांच्या अंतराने बंद पडलेली. बँकसाइडचे १९८१ मध्ये आणि बॅटरसीचे १९८३ मध्ये. बॅटरसीच्या वाट्याला भव्य योजना आली. तिथे मनोरंजननगरी होणार होती. त्यासाठी छप्पर उतरवून यंत्रे बाहेर काढली, आणि १९८९ मध्ये पैसा संपला म्हणून काम थांबले. पुढे मालक बदलले, आराखडे बदलले, आणि एवढी प्रचंड वास्तू वर्षानुवर्षे बिनछपराची पावसात उभी राहिली. ती लोकांसाठी उघडली २०२२ मध्ये, तीही महागडी घरे, दुकाने आणि कार्यालये घेऊन. बँकसाइडची योजना त्या मानाने साधी होती. टेट या कलासंस्थेला चित्रे-शिल्पे ठेवायला मोठी जागा हवी होती. तिने १९९४ मध्ये ही जागा निवडली. यंत्रे काढली, पण ज्या दालनात ती होती ते दालन तसेच मोकळे आणि उंच ठेवले, आणि २००० मध्ये दरवाजे उघडले. आज ‘टेट मॉडर्न’ पाहायला गेलेला माणूस आधी त्या दालनातच उभा राहतो. बॅटरसीची वास्तू काही कमी मोलाची नव्हती. तिला न परवडणारी योजना आधी मिळाली, एवढेच झाले.

आपल्या दृष्टीने याहून जवळचे उदाहरण रोमचे आहे. तिथले मोंतेमार्तिनी वीजघर १९१२ मध्ये सुरू झाले आणि १९६३ मध्ये बंद पडले. शहराच्या जुन्या संग्रहालयात दुरुस्ती निघाली म्हणून १९९७ मध्ये तिथल्या प्राचीन मूर्ती तात्पुरत्या या वीजघरात आणून ठेवल्या. यंत्रे हलवली नाहीत. काळ्या डिझेल इंजिनांच्या समोर पांढऱ्या संगमरवरी देवता उभ्या केल्या. तात्पुरती सोय लोकांना इतकी आवडली की ती कायमची झाली. या गोष्टीतला ‘तात्पुरता’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. कोणी आधी पन्नास वर्षांचा आराखडा केला नव्हता. एक नड होती, एक रिकामी जागा होती, दोन्हींची गाठ घातली. आपल्याकडे शाळेची दुरुस्ती निघाली की वर्ग समाजमंदिरात भरतात, ग्रंथालयाची इमारत गळू लागली की पुस्तके कोणाच्या तरी वाड्यात जातात. ही पद्धत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. तिला आपण धोरण म्हणून कधी पाहिले नाही, एवढाच फरक.

आणि इतिहास तपासला तर आपल्या भागातल्या जुन्या वास्तू टिकल्या त्या याच वाटेने. ठाण्याचा किल्ला घ्या. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास तो बांधायला घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे आला, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला, आणि एकोणिसाव्या शतकात त्याचा तुरुंग झाला. आजही ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह त्याच तटाच्या आत आहे. तुरुंग हा काही वारशाचा सन्मान नव्हे, आणि सामान्य माणसाला तो तट आतून पाहता येत नाही, हे दुःखच आहे. तरीही तट उभा आहे, कारण तिथे रोज कोणीतरी हजेरी घेते, कोणीतरी दुरुस्तीचे बिल काढते. वसईच्या किल्ल्यात चर्चच्या माथ्यावर झाडे उगवलेली दिसतात ती याच्या उलट कारणाने. पुण्याचा विश्रामबागवाडा पेशवाई बुडाल्यावर पाठशाळा, सरकारी कचेऱ्या, महापालिका असे एकामागून एक बिऱ्हाड बदलत आला. १८७९ मध्ये तो जळाला, त्याचा भाग पुन्हा बांधला, आणि तो आजही रस्त्यावर कोरीव खांब घेऊन उभा आहे. मुंबईत सर कावसजी जहांगीर हॉल हे १९११ चे सभागृह. त्याचा मूळ उपयोग मागे पडला तेव्हा बाहेरच्या भिंती जशाच्या तशा ठेवून आत नवे मजले बसवले आणि १९९६ मध्ये तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. चर्नी रोडचे रॉयल ऑपेरा हाऊस १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडले, ते पुन्हा उघडायला २०१६ उजाडावे लागले. ते वाचले, पण वाचवण्याचे काम किती किचकट झाले ते तिथल्या कारागिरांना विचारावे.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर युक्तिवाद लंगडा पडेल. नुसता राबता असून भागत नाही. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुने वॉटसन हॉटेल, इंग्लंडात ओतलेल्या लोखंडी सांगाड्याची इमारत. तिथेच १८९६ मध्ये ल्युमिए बंधूंची हलती चित्रे भारतात पहिल्यांदा दाखवली गेली. ही इमारत कधी रिकामी नव्हती. उलट तिच्यात माणसे आणि कचेऱ्या ठासून भरल्या होत्या. तरी ती खचत गेली आणि २०१९ मध्ये सर्वांना बाहेर काढावे लागले. मालकाला दुरुस्तीत फायदा नव्हता आणि भाडेकरूला तेवढी ऐपत नव्हती. म्हणून मी वापर म्हणतो तेव्हा त्यात देखभालीची जबाबदारी कोणाच्या नावावर आहे हे लिहिलेले असणे अभिप्रेत आहे. वापरणारा एक आणि दुरुस्त करणारा कोणीच नाही, अशी व्यवस्था कुलपाइतकीच घातक आहे.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप ठाकुर्लीतच ऐकू येईल, आणि तो ऐकलाच पाहिजे. जुलै २०१५ च्या अखेरीस इथे एक जुनी निवासी इमारत रात्री कोसळली आणि नऊ माणसे गेली. ज्या गावाने ढिगाऱ्यातून माणसे काढली आहेत त्या गावाला जुन्या वास्तूंचे कौतुक सांगणाऱ्याने आधी सुरक्षिततेचे उत्तर द्यायला हवे. उत्तर असे की धोका वयात नसतो, बांधकामाच्या दर्जात आणि देखभालीत असतो. शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळलेली इमारत जुनी नव्हती, तिचे बांधकाम चालू होते, आणि त्यात ७४ माणसे गेली. याउलट वीजघर म्हणजे काय ते पाहा. शेकडो टन वजनाची आणि सतत थरथरणारी यंत्रे पेलण्यासाठी पाया खोल घेतलेला, मधे खांब नको म्हणून रुंद दालने, डोक्यावर यंत्रे उचलणारी यारी फिरावी म्हणून भक्कम तुळया. अशा घराला पुस्तकांची कपाटे आणि माणसांची गर्दी जड नसते. मात्र हे गृहीत धरून चालणार नाही. लोखंड किती गंजले, विटा किती झिजल्या, हे मोजले पाहिजे. जुन्या वीजघरांत बाष्पकांवर आणि नळांवर ॲस्बेस्टॉसचे वेष्टण असायचे आणि जमिनीत कोळशाची राख व तेल मुरलेले असायचे. ते तज्ज्ञांकडून काढून घेतल्याशिवाय तिथे मूल पाऊल ठेवता कामा नये. मोजमापाअंती एखादा भाग वाचण्यापलीकडे गेला असे दिसले तर तो उतरवावा. माझा आग्रह मोजण्याचा आहे. आज होते असे की ‘जुने आहे, म्हणजे धोकादायक आहे’ एवढ्यावर निकाल लागतो.

दुरुस्तीबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीनेच अनेक जुन्या भिंती गेल्या आहेत. जुनी वीटकामे बहुधा चुन्यातली. चुना मऊ असतो, भिंतीतली ओल तो बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा मारला की भिंत आठ दिवस सुरेख दिसते. मग ओल आत कोंडते, विटेतले क्षार फुगतात, आणि दोन पावसाळ्यांनी गिलाव्याचा पापुद्रा विटेचा पुढचा थर घेऊनच सुटतो. खाली उघडी पडलेली वीट बोटाने खरवडली तरी भुगा होतो. चुन्यात काम करणारा गवंडी मिळणे कठीण झाले आहे, हे खरे. पण मुंबई-पुण्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत झालेल्या जतनाच्या कामांनी असे कारागीर पुन्हा तयार केले आहेत. कल्याण-डोंबिवलीला ते परदेशातून आणावे लागणार नाहीत.

दुसरा आक्षेप जागेचा. लोक म्हणतील, इथे माणसांना राहायला घर नाही, रेल्वेला मार्गिका टाकायला जागा नाही, आणि तुम्ही पडक्या भिंतींसाठी जमीन अडवून ठेवा म्हणता. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख होती आणि त्यानंतर ती किती फुगली हे सकाळच्या फलाटावर उभे राहिले की कळते. म्हणूनच नव्या मार्गिकेच्या आड एखादी भिंत येत असेल तर मार्गिका आधी, हे मी बिनशर्त मान्य करतो. लोकलच्या दारात लटकणाऱ्या माणसापेक्षा कोणतीही वीट मोठी नाही. पण रिकाम्या रेल्वे जमिनीचा प्रश्न सहसा मार्गिकेचा नसतो. तो व्यापारी विकासाचा असतो, आणि त्यासाठी रेल्वे भूमी विकास प्राधिकरण ही स्वतंत्र यंत्रणाच आहे. तिथे हिशेब वेगळा मांडता येतो. मोठ्या आवारात जुन्या वास्तूने व्यापलेली जागा लहान असते. त्या जागेवरचे चटई क्षेत्र उरलेल्या भूखंडावर वापरायला दिले तर मालकाचे एक फूटही बांधकाम बुडत नाही. वारसा वास्तूच्या मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची तरतूद मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीपासून आहे, आणि राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा जतनाचे नियम आहेत. साधन हाताशी आहे. ते वापरायची सवय मुंबईच्या पलीकडे पोहोचलेली नाही.

शिवाय पाडकाम फुकट नसते. त्याचा एक खर्च आपण कधीच लिहीत नाही, तो म्हणजे राडारोडा. कल्याणकरांनी आधारवाडीच्या कचऱ्याच्या डोंगराला लागणाऱ्या आगी आणि त्याचा धूर वर्षानुवर्षे सोसला. ते क्षेपणभूमीचे ठिकाण २०२१ मध्ये बंद झाले तेव्हा शहराने सुस्कारा सोडला. बांधकामाच्या राडारोड्यासाठी २०१६ पासून केंद्राचे नियम आहेत, तरी खाडीकाठ आणि रस्त्याच्या कडा राडारोडा टाकायला सोयीच्या मानल्या जातात. जी भिंत उभी आहे तिच्यासाठी माती भाजून झाली आहे, कोळसा जळून झाला आहे. ती पाडून तिच्या जागी तेवढीच भिंत बांधणे म्हणजे तोच खर्च पुन्हा करणे आणि वर कचरा वाहून नेण्याचे भाडे भरणे. उल्हासच्या पुराचे पाणी दर काही वर्षांनी घरात घेणाऱ्या गावांना तरी हा हिशेब परका वाटू नये.

तिसरा आक्षेप गिरणगावातून येतो आणि तो मला सर्वांत जास्त बोचतो. मुंबईच्या गिरण्यांचे काय झाले ते सर्वांनी पाहिले. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करून एक मोकळ्या जागेला आणि एक परवडणाऱ्या घरांना द्यायचा होता. २००१ च्या बदलाने ही वाटणी गिरणीतल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. काही ठिकाणी धुराडे शोभेला राखले आणि खाली महागडी दुकाने आली. ज्या कामगाराने त्या धुराड्याखाली उभी हयात घालवली, त्याला त्या दुकानात पाऊल टाकायचा धीर होत नाही. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ माणसे गेली, तेव्हा जुन्या आवारात नवा धंदा कसा घुसवला जातो तेही दिसले. यावरून कोणी म्हणेल की पुनर्वापर म्हणजे श्रीमंतांसाठी सजवलेला इतिहास. हा आक्षेप खोडून काढता येत नाही. त्याला नियमात जागा द्यावी लागते. कोणता भाग लोकांना विनामूल्य खुला राहील, तिथे काम केलेल्या कुटुंबांचा त्यावर काय हक्क असेल, अग्निशमनाचा दाखला दरवर्षी कोण तपासेल, हे जागा देण्याच्या करारातच लिहिले पाहिजे. आणि खरे सांगायचे तर लहान, सार्वजनिक, ताबडतोबीचा वापर हाच या विकृतीवरचा उतारा आहे. जिथे संध्याकाळी शंभर मुले अभ्यासाला बसतात ती जागा उद्या कोणाच्या घशात घालणे सोपे राहत नाही. रिकाम्या जागेच्या बाजूने भांडायला मात्र कोणी येत नाही.

इंग्रजांची वास्तू कशाला जपायची, असेही कोणी विचारेल. इंग्रजांनी ती मंजूर केली आणि नफाही नेला. पण बाष्पकात कोळसा टाकणारे हात कोणाचे होते? झडपा फिरवणारे, पाळीच्या भोंग्यावर घरून निघणारे, उन्हाळ्यात त्या उष्णतेत आठ तास काढणारे लोक इथलेच, किंवा इथे येऊन इथले झालेले. आणि ते वीजघर स्वातंत्र्यानंतरही चार दशकांच्या आसपास चालले, म्हणजे त्याच्या आयुष्याचा मोठा भाग स्वतंत्र भारताचा आहे. ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण या गावांना आज चाकरमान्यांची गावे म्हणतात, जणू इथे फक्त झोपायला येतात. इथे काही घडवलेही जात होते, हे सांगणारी वास्तू या पट्ट्यात फार उरलेली नाही. मोहोन्याचा एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि कामगार पुढे वर्षानुवर्षे थकलेल्या पैशांसाठी झगडत राहिले. उद्योग गेले की त्यांची स्मृती टिकवण्याची जबाबदारी कोणाच्याच खात्यावर नसते.

मग ठाकुर्लीत नेमके काय करता येईल? मोठी योजना सुचवण्याचा मोह मी टाळतो, कारण माझा सगळा युक्तिवाद तिच्याविरुद्ध आहे. वीजघराच्या आवारात जे काही उरले आहे आणि त्याच्या भोवतीच्या रेल्वे वसाहतीत जी जुनी घरे आहेत, त्यांची आधी यादी व्हावी: भिंत, छप्पर, यंत्राचा सांगाडा, पाण्याची टाकी, सगळ्याची. डोंबिवली पश्चिमेकडून ठाकुर्लीला येताना लागणारी रेल्वेची बावनचाळ त्या यादीत असावी. कामगारांची घरे रिकामी झाली, झाडी माजली, आणि अंधार पडल्यावर तिथून जायला लोक घाबरू लागले, हे रिकामपणाचे आणखी एक मोल आहे जे शेजाऱ्यांना चुकवावे लागते. यादीतल्या ज्या खोल्या तपासणीत ठणठणीत निघतील त्या महिन्याभरात वापरात आणाव्यात, अगदी अकरा महिन्यांच्या करारावर का होईना. दोन खोल्यांच्या घरात दहावीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना अभ्यासिका हवी आहे. २०१७ मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन भरवणाऱ्या डोंबिवलीत नाटकाच्या तालमीला जागा शोधत फिरणारे गट आहेत. रेल्वेला स्वतःलाच आपल्या विद्युतीकरणाची शंभर वर्षे मांडायला जागा हवी असेल, तर ती यापेक्षा योग्य कुठे मिळणार? एक दालन उघडले की पन्हाळ साफ होते, पिंपळाचे रोप चिमटीत असतानाच निघते, आणि पुढच्या दालनाचा विचार करायला वेळ मिळतो.

अडचण अधिकाराची आहे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम ११ मुळे रेल्वेच्या कामासाठी लागणाऱ्या बांधकामाला इतर कायदे आड येत नाहीत, आणि गाड्या चालवायच्या तर तसे असणे रास्तच आहे. पण तीच सवय पाडकामाला आणि व्यापारी विकासालाही लागली की शहराला आपल्याच वारशाबद्दल विचारले जात नाही. महापालिकेने या वास्तू आपल्या वारसा यादीत घ्याव्यात, त्यावर हरकती-सूचना मागवाव्यात, आणि रेल्वेने त्या यादीला मान द्यावा. ज्या मध्य रेल्वेचे मुख्यालय २००४ पासून जागतिक वारसा आहे, आणि जी त्याच इमारतीतून रोज काम करते, तिला वापर आणि जतन एकत्र नांदतात हे नव्याने समजावून सांगायची गरज नसावी.

यादीइतकेच तातडीचे आणखी एक काम आहे. वीजघर बंद पडले तेव्हा तिथे पंचविशीत असलेला फिटर आज साठी ओलांडून गेला आहे. त्याचा मुकादम हयात असेल तर ऐंशीच्या पुढे. कोणते यंत्र कुठे होते, पाळी कशी बदलायची, गाडी घाट चढू लागली की काटा कसा हलायचा, हे नकाशात सापडत नाही; ते या माणसांच्या तोंडूनच टिपून घ्यायला हवे. त्यासाठी ना निविदा लागते ना चटई क्षेत्र. एक ध्वनिमुद्रक आणि ठाकुर्लीच्या जुन्या चाळींमधून फिरायला तयार असलेली चार कॉलेजची मुले पुरतात, आणि हे काम या पावसाळ्याआधी सुरू होऊ शकते.